सस्पेन्सला पडलेला शेवट

२७ ऑक्टोबर २०१८, शनिवार. कोजागिरी होऊन तीन-चार दिवस झाले होते, उकाडा कमी व्हायचं नाव घेत नव्हता, आणि मुगभाटातल्या आमच्या चाळीत जेवणं उरकली तरी सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी होती. ‘दया, दरवाज़ा तोड़ दो’ या वाक्याचं आमच्याकडे कायम हसं व्हायचं ते यामुळेच; तोडायला आधी दार बंद तर हवं. हे वाक्य जिच्यात यायचं त्या ‘सीआयडी’ या हिंदी रहस्यमालिकेचा त्या रात्री शेवटचा भाग होता. सासूबाईंनी पानं लवकर घ्यायला लावली होती. शेजारच्या काकू स्वतःची खुर्ची उचलून आल्या होत्या, कारण आमच्या सोफ्यावरून उठताना त्यांचे गुडघे धरतात. माझी मुलगी, जी ही मालिका सुरू झाली तेव्हा पहिलीत होती, ती ऑफिसातून येऊन गळ्यातलं ओळखपत्रही न काढता बसली होती.

आज सांगते, त्या भागात खून कोणाचा झाला आणि कोणी केला, हे आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नावं सरकून गेली, जाहिरात लागली आणि सासूबाई रिमोट हातात धरून तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘झालं? एवढंच?’’

जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली मालिका. वीस वर्षं, दीड हजारांहून जास्त भाग. तेवढ्या काळात आमच्या चाळीत तीन बारशी आणि सहा लग्नं झाली, आणि निम्म्या खोल्यांची माणसं विरार-डोंबिवलीला राहायला गेली. शेवटचा भाग वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट म्हणायला तो शेवटचा आहे असं त्याच्याकडे बघून वाटायला तरी हवं होतं. वाहिनीनेही ‘शेवट’ हा शब्द टाळलाच होता. २८ ऑक्टोबरपासून मालिका मध्यंतर घेत आहे, असं जाहीर झालं होतं. आता मध्यंतर म्हणजे काय हे गिरगावातल्या माणसाला कोणी शिकवू नये. साहित्य संघाच्या नाट्यगृहात पडदा पडला की बाहेर जायचं, बटाटेवडा खायचा, चहा प्यायचा, घंटा झाली की परत जागेवर. पंधरा मिनिटं. हे मध्यंतर संपायला डिसेंबर २०२४ उजाडला. सहा वर्षं. वडा पार गार झाला.

मराठीत आपण मालिका ‘संपली’ असं फारसं म्हणत नाही, मालिका ‘बंद झाली’ म्हणतो. दुकान बंद होतं, पाणी बंद होतं, गिरणी बंद पडते. ज्या गोष्टीचं संपणं तिच्या स्वतःच्या हातात नसतं तिला आपण बंद होणं म्हणतो. या गावाला त्याची सवयही जुनी आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप रीतसर मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. लालबागचे माझे मामा पुढे किती वर्षं ‘संप मिटला की’ असं म्हणून वाक्य सुरू करायचे. तुलना फार मोठी आहे, टीव्हीवरच्या करमणुकीला ती झेपणारी नाही, हे मलाही कळतं. पण शेवट जाहीर न करता गोष्ट सोडून देणं माणसाला कसं टांगून ठेवतं, ते मी पहिल्यांदा मामांकडे पाहिलं, म्हणून ते आठवलं.

माझं म्हणणं असं आहे की रहस्यमालिका सुरू करणाऱ्याने तिचा शेवट देणं बंधनकारक मानलं पाहिजे. कौटुंबिक मालिकेचं मी म्हणत नाही. तिथे सासू-सुनेचं भांडण मिटलं काय आणि राहिलं काय, ते घराघरात चालूच असतं. रहस्यमालिकेचा करारच वेगळा.

हे मला का वाटतं ते सांगायला बँकेत जावं लागेल. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली दहा-बारा कॉम्प्युटर यायच्या आधीची. तेव्हा लेजर हाताने लिहायची आणि बॅलन्सिंग हाताने करायचं. एकदा सेव्हिंग्जच्या लेजरमध्ये सत्तावीस रुपयांचा फरक आला. बँकेत लाखभराचा फरक पटकन सापडतो, सत्तावीसचा सापडत नाही. साडेसहा वाजले, शिपायाने अर्धे दिवे मालवले. आमचे हेडक्लार्क टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच विचारलं, ‘‘नऊने भाग जातो का?’’ जात होता. ‘‘मग रक्कम चुकलेली नाही. आकडे उलटे पडलेत. शेजारशेजारचे दोन आकडे बघा, त्यांच्यात तिनाचा फरक असेल.’’ आणि खरंच, कुठल्याशा पानावर पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न झाले होते. पंच्याऐंशीतून अठ्ठावन्न गेले, सत्तावीस. एका बाईंनी स्लिपवरचा आठ आधी वाचायचा तो नंतर वाचला होता. आठ वाजता आम्ही खाली उतरलो, बंद होत आलेल्या इराण्याकडे चहा घेतला, आणि इतका चांगला चहा मी त्यानंतर क्वचितच प्यायले.

सत्तावीस रुपये कोणीही खिशातून भरले असते. पण तसं केलं तर टॅली होत नाही, टॅली झाल्यासारखं दिसतं. माणसं गुप्तहेर का बघतात, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या संध्याकाळी मिळालं. जगात बाकी कशाचा मेळ लागत नाही. निदान चाळीस मिनिटांत एका गोष्टीचा लागतो, आणि तोही कोणीतरी खिशातून पैसे न भरता.

बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. पैसे आलेत पण कोणाचे ते कळत नाही, रक्कम गेली आहे पण कागद सापडत नाही, अशी प्रत्येक नोंद तात्पुरती तिथे टाकायची. ‘सस्पेन्सला टाक’ हे आमचं रोजचं वाक्य. टाकायला कोणाची ना नसते. पण इन्स्पेक्शनला आलेला माणूस बसल्याबसल्या पहिली फाइल मागतो ती सस्पेन्सची: ही नोंद कधीपासून पडून आहे? का पडून आहे? कोणी टाकली? सस्पेन्स निर्माण करायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते तो रिकामा करायला.

‘सीआयडी’ने दर आठवड्याला एक नोंद उघडली आणि मिटवली, हे मान्यच. त्या बाबतीत ती फार शिस्तीची मालिका होती. पण वीस वर्षांत या लोकांनी वरच्या वर काय काय सस्पेन्सला टाकून ठेवलं होतं! अभिजीत आणि डॉक्टर तारिका यांचं ते प्रयोगशाळेतलं लाजणं-मुरकणं, मध्ये डॉक्टर साळुंख्यांचं खवचट बोलणं. दया आणि श्रेयाचं तर मनातलं ओठांवर येता येताच राहिलं. माझी मुलगी तेव्हा त्या दोघांचं काय होणार म्हणून मैत्रिणींशी पैजा लावायची. पैजा अजून लागूनच आहेत. कोण जिंकलं ते सांगायला कोणी आलं नाही.

माझे धाकटे दीर, सुहासभाऊजी, यांना हे सगळं अजिबात पटत नाही. त्यांचं म्हणणं, ‘‘वहिनी, ही मालिका म्हणजे लोकल हो. कुठल्याही स्टेशनवर चढा, कुठेही उतरा. आज खून, उद्या खून. तिला कसला आलाय शेवट?’’ मुद्दा बिनतोड वाटतो, आणि खरं सांगायचं तर ही मालिका वीस वर्षं टिकली ती याच गुणावर. चार आठवडे नाही बघितलं तरी पाचव्या आठवड्यात काही अडत नसे. पण भाऊजी चर्चगेटला नोकरी करून बोरिवलीला जाणारे. मी त्यांना विचारलं, ‘‘शेवटची लोकल नसते का?’’ असतेच. रात्री एकच्या आसपासची ती गाडी इंडिकेटरवर लागते, सगळ्या फलाटाला ठाऊक असतं की ही गेली की पहाटेपर्यंत काही नाही, आणि म्हणून माणूस तिच्यासाठी जिवाच्या आकांताने पळतो. रोज धावणाऱ्या गाडीलासुद्धा शेवटची फेरी असते. प्रवाशाला न सांगता मधल्याच स्टेशनात गाडी उभी करून मोटरमन निघून गेला तर आपण त्याला मध्यंतर म्हणत नाही. (भाऊजी यावर म्हणाले की तसंही होतं, पावसाळ्यात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.)

बरं, लोकांना येत नव्हतं म्हणून राहिलं असंही नाही. २००४ मध्ये याच मंडळींनी एकशे अकरा मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय, एका सलग शॉटमध्ये चित्रित केला आणि विक्रमात नाव नोंदवलं. म्हणजे कॅमेरा कुठून कुठे फिरेल, कोण कुठल्या दारातून आत येईल, कोणाचं वाक्य कुठे पडेल, हे सगळं आधी बसवलेलं. मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग आणि तिच्यात एसीपी प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम यांचं नातं तर त्याहून जुनं. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासूनचं. दोन तासांचा शॉट बसवणाऱ्यांना शेवटचा एक भाग बसवणं जड नव्हतं. तो बसवायला कोणी सांगितलंच नसावं.

आणि काय करायला हवं होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर अगदी स्वच्छ आहे. साटम १९५० चे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. म्हणजे एसीपी प्रद्युम्न २०१८ मध्ये निदान दहा वर्षं जादा ड्यूटीवर होते, आणि एकाही प्रेक्षकाला त्यात काही गडबड वाटली नाही, इतके ते आपले होते. मग त्यांना निवृत्त करा ना! साटम स्वतः बँकेत नोकरी केलेले गृहस्थ, बँकेतला शेवटचा दिवस कसा असतो ते त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळपासून कोणी कामाला हात लावू देत नाही, तरी माणूस उगाच ड्रॉवर आवरत बसतो. चार वाजता शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, समोसे. कोणीतरी भाषणात त्याच त्या जुन्या चुकीची गोष्ट सांगतं. पण खरा निरोप त्याच्या आधीच झालेला असतो, चार्ज देताना. माझ्याकडे स्ट्राँगरूमची एक किल्ली असायची, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. शेवटच्या दिवशी माझ्या जागी येणाऱ्या मुलीसमोर रोकड मोजली, रजिस्टरवर तिने घेतल्याची सही केली, मी दिल्याची केली, किल्ली तिच्या हातात ठेवली. किल्ली सहा तोळ्यांचीही नसेल. तेवढ्याशा वजनाने खांद्यावरून एवढं काही उतरेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

प्रद्युम्ननी अभिजीतच्या हाती एक न सुटलेली फाइल द्यायची, दयाने आयुष्यात पहिल्यांदा एखादं दार हलकेच ढकलून उघडायचं, साळुंख्यांनी चिडचिड करत डोळे पुसायचे, आणि फ्रेडरिक्सने नको त्या क्षणी काहीतरी वेंधळं बोलून सगळ्यांना हसवायचं. एक भाग. बावीस मिनिटांतही झालं असतं. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात गेले. आता तो भाग कोणी काढला तरी तसा होणार नाही.

शेवट आधी ठरवून ठेवता येतो का? येतो. अगाथा ख्रिस्तीबाईंनी आपल्या हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराची शेवटची केस दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली आणि बँकेच्या तिजोरीत ठेवून दिली. (आम्हा बँकवाल्यांची छाती यावर उगाच फुगते.) तीसएक वर्षं ती तशीच पडून होती. बाई मधल्या काळात पॉयरोच्या इतर गोष्टी लिहीत राहिल्या, आणि १९७५ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी, ती बाहेर काढू दिली. न्यूयॉर्क टाइम्सने तेव्हा पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी छापली होती, खऱ्याखुऱ्या माणसाची छापतात तशी. पुढे डेव्हिड सुशेने १९८९ पासून पॉयरो टीव्हीवर साकारला, सत्तर भाग केले, आणि शेवटचा भाग दाखवला गेला १३ नोव्हेंबर २०१३ ला. गंमत अशी की अखेरच्या मोसमातल्या भागांपैकी मृत्यूचा तो भाग त्यांनी आधी चित्रित केला आणि जिवंत पॉयरोचे भाग मागाहून, म्हणजे सेटवरचा शेवटचा दिवस सुतकी जाऊ नये. याला म्हणतात शेवटाची काळजी घेणं.

तो भाग सगळ्यांना आवडतो असं मुळीच नाही. आमच्या वाचनालयातल्या एक बाई त्यावर अजून रागावलेल्या आहेत. कारण त्यात पॉयरो स्वतःच खून करतो. (पुस्तकाला पन्नास वर्षं होऊन गेली, रहस्य फोडलं म्हणून कोणी मला बोलू नये.) १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्रीबुवांनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते, त्यात गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये हा एक नियमच आहे. ख्रिस्तीबाईंनी तो मोडला. पण मोडला तो नेमका शेवटी, कायद्याच्या हाती न सापडणाऱ्या माणसापुढे पॉयरो किती हतबल होतो हे दाखवायला, आणि वाचकासमोर सगळे पुरावे ठेवून. वाचनालयातल्या बाईंना वाईट वाटलं. फसवल्यासारखं वाटलं नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शेवटावर वाद घालताना आपण तो सारखा विसरतो.

उलट टोकाला जाणारेही असतात. बीबीसीच्या ‘शेरलॉक’चा १५ जानेवारी २०१७ चा भाग घ्या. आधीच्या भागांत शेरलॉकने कोणाच्या पँटवरच्या चिखलावरून आणि मोबाइलवरच्या ओरखड्यांवरून माणसं ओळखली होती. शेवटी एकदम एक लपवून ठेवलेली बहीण, एक बेटावरचा तुरुंग, आणि बोलून बोलून समोरच्याला हवं ते करायला लावणारी तिची अफाट शक्ती. बहिणीचा पुसटसा इशारा आधी दिला होता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तरीही शेवट मोठा करायच्या नादात त्यांनी गुप्तहेराच्या हातातलं भिंगच काढून घेतलं. मेळ लागला नाही की खिशातून पैसे भरायचे, तसलाच प्रकार.

आपल्याकडे असं नव्हतं, म्हणजे कायम असं नव्हतं. दूरदर्शनच्या काळात मालिका मंजूर व्हायच्या त्या तेराच्या पाढ्यात. तेरा भाग, सव्वीस, फार झाले तर बावन्न. वर्षाचे आठवडे बावन्न, तिमाहीचे तेरा. आमच्या बँकेच्या तिमाही रिटर्नसारखंच. १९८५ मध्ये गाजर खात खुनी पकडणारा करमचंद असो की १९९३ मधला ब्योमकेश बक्षी, लिहिणाऱ्याला आपल्याकडे किती जागा आहे ते ठाऊक असायचं. सरकारी कारभाराचं कौतुक करायची वेळ क्वचित येते, पण मोजून दिलेल्या भागांनी लेखकाला शिस्त लावली होती. खासगी वाहिन्या आल्या आणि मोजणं गेलं. आता दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडे चढले की गोष्ट ताणायची, पडले की तोडायची. लेखकाला दोन्हींपैकी कशाचीच आगाऊ कल्पना नाही. अशा माणसाने शेवट लिहायचा तरी कधी?

आणि हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या सोफ्यावर बसलेल्यांचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक ड्रेसदादा राहतात. मालिकांच्या सेटवर कपडेपट सांभाळतात. कुठल्या पात्राच्या सदऱ्याला तिसऱ्या सीनमध्ये कुठे रक्त लागलं होतं आणि चौथ्या सीनमध्ये ते किती वाळलेलं हवं, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं. एका मालिकेच्या सेटवर त्यांना बुधवारी कळलं की शनिवारी पॅकअप, कायमचं. त्या महिन्याचं काम तीन दिवसांत गेलं. झालेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, ही त्या धंद्यातली रीत. मुलीच्या क्लासची फी भरायची होती. जिन्यात भेटले तेव्हा पैशांचं ते काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘ताई, रक्ताचा तो सदरा मी धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. सोमवारच्या सीनला लागणार होता.’’

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती आकड्यात सांगते, कारण मला तशीच सवय. रहस्यमालिका बंद करायची असेल तर तेरा आठवडे आधी तसं ठरवावं आणि जाहीर करावं. एक तिमाही. लेखकाला धागे गोळा करायला तेवढे पुरतात. नटांना दुसरं काम बघता येतं, ड्रेसदादांना फीची सोय करता येते. प्रेक्षकाला कळतं की आता बसायला हवं. वाहिनी आणि निर्माता यांच्या करारातच हे कलम असावं. आपला माल संपत आलाय हे गिऱ्हाइकाला सांगायला वाण्याला लाज वाटत नाही, मग यांना का वाटावी?

वाहिनीवाले म्हणतील, संपणार हे एकदा कळलं की लोक बघायचं सोडतात, जाहिराती आटतात. यावर मी त्यांना वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती वाचायचा सल्ला देईन. ‘शेवटचे पाच प्रयोग’ एवढं छापलं की वर्षभर रिकाम्या खुर्च्या बघितलेल्या नाटकाला रांग लागते. मराठी नाट्यनिर्मात्यांना हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. (त्या पाचानंतर ‘लोकाग्रहास्तव’ आणखी दहा होतात ते सोडा.) गाण्याच्या मैफलीत भैरवी सुरू झाली म्हणून कोणी चपला शोधायला उठत नाही, उलट बाहेर चहा पीत उभे असलेलेही आत येऊन बसतात.

डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परतली तेव्हा आमच्याकडे सासूबाई नव्हत्या. काकूही आता मुलाकडे भाईंदरला असतात. तरी पहिला भाग मी बघितला, थोडा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. २०२५ च्या एप्रिलमध्ये मात्र वाहिनीने एसीपी प्रद्युम्नना मारलं. बॉम्बस्फोटात. सोशल मीडियावर फोटो, खाली श्रद्धांजली, अगदी खऱ्या माणसाला वाहतात तशी. चार्ज न देता, किल्ली न ठेवता गेले. बघता बघता त्यांच्या खुर्चीत नवा एसीपी येऊन बसलादेखील.

ती पोस्ट कोणीतरी भाईंदरच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकली असावी, कारण रात्री नऊला काकूंचा फोन आला. आवाज कापरा होता.

‘‘अगं, साटम गेले का ग?’’

‘‘नाही हो काकू, साटम अगदी ठणठणीत आहेत. मालिकेतले एसीपी गेले.’’

‘‘हात्तिच्या,’’ काकू म्हणाल्या, ‘‘मग येतील परत.’’ आणि फोन ठेवला.

थोड्याच काळात आलेही.